तोच निकाल, पुन्हा अर्ज

माझ्या मोठ्या भावाला सत्र न्यायालयाने 2015 मध्ये दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. खुनाचा प्रयत्न म्हणून तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 307, आणि मारहाणीच्या तयारीनिशी घरात घुसल्याचं 452. दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या. पुढे काही वर्षं त्या निकालाविरुद्ध जे करता येतं ते सगळं आम्ही केलं, आणि जे करता येत नाही त्यातलंही थोडं करून पाहिलं. घरात कोणी वकील नाही. कागद मी सांभाळायचे, म्हणून वकिलांसमोर बसण्याचं कामही माझ्याकडे आलं.

दादा दोषी होता की नव्हता हे पटवून द्यायला मी लिहीत नाहीये. मी बहीण आहे, माझं मत काय असणार हे कोणीही ओळखेल. मला सांगायचंय ते या वाटेबद्दल. आम्हाला वाटायचं, खालच्या कोर्टाने ऐकलं नाही तर वरचं ऐकेल, त्याने नाही तर त्याच्या वरचं. दर वेळी तीच हकीकत नव्या माणसांपुढे मांडायची, एवढाच काय तो प्रश्न. पण वर जावं तसा कोर्ट विचारतं तो प्रश्नच अरुंद होत जातो. ‘या माणसाने हे केलं का?’ हा प्रश्न पुराव्यांसकट पूर्णपणे विचारला जातो तो फक्त दोनदा: खटल्यात आणि पहिल्या अपिलात.

पहिलं अपील हा हक्क आहे. तेव्हाच्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 374 प्रमाणे ते उच्च न्यायालयात केलं. मुदत 60 दिवस, आणि निकालाची नक्कल मिळायला जेवढे दिवस लागतात ते त्यातून वगळतात. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची एक प्रत लगेच आणि फुकट मिळते, ती दादाला मिळाली होती. वकील लावायची ऐपत नसेल तर तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येतं आणि सरकारी खर्चाने वकील मिळतो. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तुरुंगातल्या मुलाखतीच्या रांगेत मला असे लोक भेटले की ज्यांनी पैसे जमेपर्यंत अपीलच केलं नव्हतं. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठीही कारण द्यावं लागतं आणि कोर्टाला ते पटावं लागतं.

उच्च न्यायालयातल्या आमच्या वकील मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, “ताई, जे काय आहे ते इथे काढा. साक्षी, उलटतपासणी, पंचनामे, सगळं इथे पुन्हा वाचलं जातं. इथून पुढे कोणी वाचणार नाही.” मी मान हलवली. ‘कोणी वाचणार नाही’ याचा अर्थ शब्दशः तोच आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

दादाचा बचाव साधा होता. घटनेच्या रात्री तो कारखान्यात रात्रपाळीला होता. मी दुसरीकडे होतो असं म्हणणाऱ्या आरोपीला ते स्वतः सिद्ध करावं लागतं, तो भार सरकारी पक्षावर नसतो. खटल्यात हजेरीपटाची झेरॉक्स दाखल झाली होती, पण कारखाना तोवर बंद पडलेला, मूळ रजिस्टर सापडत नव्हतं आणि टाइमकीपर साक्षीला आला नाही. झेरॉक्स शाबीत झाली नाही. अपिलात नवा पुरावा घ्यायची सोय असते. तेव्हाच्या कलम 391 खाली अपील कोर्टाला गरज वाटली तर ते जादा पुरावा घेऊ शकतं. मॅडमनी तसा अर्ज तयार ठेवला होता. मूळ रजिस्टर मिळालं की लावू, म्हणाल्या. ते मिळालं नाही.

अपील सुनावणीला यायला वर्षं लागतात, तोवर शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो. पहिला अर्ज फेटाळला गेला. मला वाटलं आता संपलं. पण तो अर्ज पुन्हा करता येतो, परिस्थिती बदलल्याचं दाखवलं की. सर्वोच्च न्यायालयाचा 1977 चा काश्मिरा सिंगचा निकाल आहे: अपील वाजवी काळात ऐकता येत नसेल, तर खास कारण नसल्यास आरोपीला जामिनावर सोडावं. आमच्या दुसऱ्या अर्जाला तोच आधार होता आणि 2017 मध्ये दादा बाहेर आला. इथे एक घोटाळा आमच्या डोक्यात शिरला तो बरीच वर्षं निघाला नाही. जामीन दुसऱ्यांदा मागून मिळतो, मग निकालाविरुद्धही पुन्हा मागून मिळत असेल, असं आमच्या आप्पांनी पक्कं धरलं. जामिनाचा हुकूम तात्पुरता असतो, निकाल तसा नसतो, हे त्यांना सांगूनही पटायचं नाही.

जामिनाच्या त्या सुनावणीला जखमी झालेले गृहस्थ त्यांच्या मुलाबरोबर आले होते. त्यांचा उजवा हात नीट वर जात नाही. त्यांनी आमच्या मॅडमच्या ज्युनिअरला विचारलं, “आता हे शेवटचंच ना?” ज्युनिअर बिचारी गोंधळली. मी शेजारीच उभी होते. त्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्याइतकंच हवं होतं, फक्त उलट्या बाजूने.

2019 मध्ये अपील फेटाळलं गेलं. निकाल मोठा होता आणि खरं सांगायचं तर कष्टाने लिहिलेला होता. प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी त्यात होती. हजेरीपटाबद्दल एक परिच्छेद: मूळ दस्त नाही, शाबीत करणारा साक्षीदार नाही, अन्यत्र हजर असल्याचा बचाव सिद्ध होत नाही.

दादाला शरण जावं लागलं. सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करायची तर शिक्षा झालेल्याने शरण गेल्याचा दाखला जोडावा लागतो, किंवा त्यातून सूट मागावी लागते. त्याशिवाय प्रकरण बोर्डावरच येत नाही. नावातच सगळं आहे: अनुमती. राज्यघटनेच्या अनुच्छेद 136 खाली आपण अपील करत नाही, अपील करू द्या अशी विनंती करतो. मुदत 90 दिवस. दिल्लीतल्या वकिलांनी पेपरबुक, म्हणजे याचिकेच्या कागदांचा संच, केलं, मुद्दे काढले. सुनावणीच्या दिवशी आमचा नंबर आला तेव्हा मी मागच्या बाकावर होते. वकिलांनी दोन वाक्यं पूर्ण केली, तिसरं सुरू केलं. “आम्हाला हस्तक्षेप करण्याचं कारण दिसत नाही. खारीज.” पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. मी अजून बसूनच होते, शेजारच्या माणसाने हलवून सांगितलं की तुमचं झालं.

त्या संध्याकाळी फोनवर सल्ले सुरू झाले. एका नात्यातल्या निवृत्त कारकुनाने ठामपणे सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने कारण न देता एका ओळीत खारीज केलंय ना, मग उच्च न्यायालयाचा निकाल त्यात विलीन झालेला नाही, तो स्वतंत्रच उभा आहे, परत उच्च न्यायालयात पुनर्विलोकन, म्हणजे फेरविचार, मागा. गंमत म्हणजे काका अर्धे बरोबर होते. कारणं न देता अनुमती नाकारली तर खालचा निकाल वरच्यात विलीन होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालच्या कुन्हयम्मद प्रकरणात सांगितलंय. दिवाणी दाव्यात लोक त्याच्या आधारावर परत उच्च न्यायालयात जातातही. फौजदारीत मात्र वाटेत कलम 362 उभं असतं: निकालावर सही झाली की लेखनातली किंवा आकडेमोडीची चूक दुरुस्त करण्यापलीकडे कोणत्याही कोर्टाला त्यात बदल करता येत नाही, फेरविचारही करता येत नाही. उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार म्हणून तेव्हाचं जे कलम 482 लोक सांगतात, त्याचा उपयोगही 362 ला वळसा घालायला होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1979 पासून सांगून ठेवलंय.

काकांच्या ओळखीच्या एकाचं प्रकरण वेगळं होतं, त्याची शिक्षा दंडाधिकाऱ्याकडून आली होती. त्याचं सत्र न्यायालयातलं अपील गेलं, मग उच्च न्यायालयात पुनरीक्षण, म्हणजे खालचा हुकूम कायद्याला धरून आहे का एवढं तपासून घेणं. तिथेही मोजमाप ठरलेलं असतं. कलम 397 प्रमाणे पुनरीक्षणाचा अर्ज एक तर सत्र न्यायालयात करायचा नाहीतर उच्च न्यायालयात. एकीकडे केला की त्याच माणसाचा दुसरा अर्ज दुसरीकडे घेत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाला स्वतःच्या निकालाचा फेरविचार करता येतो, तो अधिकार अनुच्छेद 137 मध्ये आहे. आम्ही 30 दिवसांच्या आत अर्ज केला. फौजदारी प्रकरणात कारण एकच चालतं: कागदावर उघड दिसणारी चूक. निकाल चुकीचा आहे, पुरावा वेगळा वाचायला हवा होता, हे चालत नाही. शक्यतो ज्यांनी निकाल दिला तेच न्यायमूर्ती आपल्या दालनात कागद फिरवून वाचतात, वकील उभा राहत नाही. ज्यांना फाशी झालेली आहे त्यांना 2014 च्या मोहम्मद आरिफ निकालानंतर फेरविचारात अर्धा तास तोंडी बाजू मांडायला मिळते. बाकी सगळ्यांना कागदच. आमचा अर्ज खारीज झाल्याचं संकेतस्थळावर दिसलं. आणि नियमातच लिहिलंय की एकदा फेरविचार अर्ज निकालात निघाला की त्याच प्रकरणात दुसरा घेतला जाणार नाही.

मग क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे फेरविचारही फेटाळल्यावर सर्वोच्च न्यायालयातच करायचा शेवटचा अर्ज. याचं नाव बातम्यांमुळे घराघरात पोचलंय, त्यामुळे आप्पांची सगळी आशा त्यावर होती. 2002 च्या रूपा हुर्रा निकालातून हा मार्ग निघाला. कोर्टाने आपल्याला ऐकूनच घेतलं नाही, किंवा निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींचा संबंध असूनही त्यांनी तो सांगितला नाही, अशा स्वरूपाची तक्रार लागते. वर एका ज्येष्ठ वकिलाने सही करून द्यावं लागतं की या कारणांत तथ्य आहे. आम्ही ज्या ज्येष्ठ वकिलांकडे गेलो त्यांनी आमचे सगळे कागद वाचले. दोन तास वाचले, मला ते आठवतं, कारण इतका वेळ कोणी दिला नव्हता. मग म्हणाले, “तुमच्या भावावर अन्याय झाला असेलही. पण कोर्टाने तुम्हाला ऐकलं नाही असं मी कुठल्या तोंडाने लिहू? ऐकलं, आणि पटलं नाही.” त्यांनी सही दिली नाही. फी पण घेतली नाही. त्या वेळी राग आला होता, पण आता वाटतं, एवढ्या सगळ्या प्रवासात सगळ्यात सरळ बोललेला माणूस तोच.

आणि यानंतर, 2021 मध्ये, रजिस्टर सापडलं.

बंद कारखान्याची जागा विकली गेली, गोदाम रिकामं करताना जुने दप्तरांचे गठ्ठे निघाले. दादाबरोबर काम केलेल्या एकाने ओळखलं आणि आम्हाला फोन केला. त्या रात्रीच्या पानावर दादाची आत आल्याची आणि सकाळी बाहेर पडल्याची नोंद आहे, टाइमकीपरच्या सहीसह. टाइमकीपर आता वारलेले आहेत. नोंद खरी आहे का, नंतर कोणी केली का, कोणी दुसऱ्याचं कार्ड दिलं का, हे प्रश्न सरकारी वकील विचारतील आणि विचारायलाच हवेत. पण ते विचारायला एखादी जागा हवी ना! अपील संपलेलं, त्यामुळे 391 चा अर्ज लावायचा कुठे? जादा पुरावा घेण्याचा अधिकार अपील कोर्टाचा, आणि अपील आता कुठेच प्रलंबित नाही.

मॅडम नाही म्हणाल्या. एक दुसरे वकील हो म्हणाले, आणि आम्ही त्यांच्यामार्फत उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका, म्हणजे मूलभूत हक्क मोडला म्हणून थेट करायचा अर्ज, टाकली. कार्यालयाने आधीच आक्षेप काढला की ही याचिका चालते कशी. खंडपीठासमोर वकिलांनी माजी मुख्यमंत्री अंतुल्यांचं प्रकरण काढलं, कारण महाराष्ट्रात हे नाव सगळ्यांना माहीत: सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये स्वतःच दिलेला हुकूम 1988 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने मागे घेतला होता. न्यायमूर्ती शांतपणे म्हणाले, तिथे खटला कायद्याने ज्या कोर्टात चालायचा त्याऐवजी दुसरीकडे पाठवला गेला होता, म्हणजे अधिकारक्षेत्राचा प्रश्न होता. तुमच्याकडे पुराव्याचा आहे. मग त्यांनी 1966 च्या मिरजकर निकालाची आठवण करून दिली. नऊ न्यायमूर्तींचं पीठ, त्यातही एक पक्ष महाराष्ट्र राज्यच. कोर्टाने न्यायिक अधिकारात दिलेला हुकूम मूलभूत हक्क मोडतो म्हणून रिट करून पाडता येत नाही. “याचिका मागे घेता, की खर्चासह खारीज करू?” वकिलांनी मागे घेतली.

दुसऱ्या देशांत काय करतात हे मी तेव्हा वाचायला लागले. ब्रिटनमध्ये 1997 पासून एक आयोग आहे, अपिलं संपलेल्या कैद्यांची प्रकरणं तो तपासतो आणि दम वाटला तर परत अपील कोर्टाकडे पाठवतो. अमेरिकेत 1996 च्या कायद्याने उलट दिशेला कडी घातली: संघीय कोर्टात शिक्षेला आव्हान द्यायला साधारण एक वर्ष, आणि दुसरा अर्ज करायचा तर आधी अपील न्यायालयाची परवानगी, तीही नव्या पुराव्याने निर्दोषत्व जवळजवळ दिसत असेल किंवा घटनात्मक कायद्याचा नवा नियम मागच्या प्रकरणांनाही लागू झालेला असेल तरच. मला अमेरिकेचा कायदा कडक वाटला, पण त्यात निदान ‘नवा पुरावा’ हे शब्द आहेत. आपल्याकडे अपील संपल्यावर नव्या पुराव्यासाठी असा आखून दिलेला रस्ता नाही. राज्यपालांकडे अनुच्छेद 161 खाली दयेचा अर्ज करता येतो, पण तिथे मागायची असते ती दया. आम्ही केला. त्यावर पोच आली.

एक अपवाद मात्र आपल्या कायद्यात इतका रुंद आहे की वाचून थक्क झाले. आरोपी घटनेच्या वेळी अठरा वर्षांखाली होता, हा दावा बाल न्याय कायद्याच्या कलम 9 प्रमाणे कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर, प्रकरण कायमचं निकाली निघाल्यावरसुद्धा करता येतो. पुण्यातल्या 1994 च्या हत्याकांडात फाशी झालेल्या एका कैद्याला सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये याच कारणाने सोडलं. त्याची अपिलं, फेरविचार सगळं कधीच संपलेलं होतं, आणि तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ आत होता. उत्तराखंडातल्या एका प्रकरणात तर वयाचा मुद्दा वेगवेगळ्या टप्प्यांवर पुन्हा पुन्हा नाकारला गेला होता, आणि शेवटी जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने तो मान्य केला. म्हणजे वयासाठी निकालाचं कुलूप उघडतं. शाळेचा दाखला उशिरा सापडला तर चालतो, हजेरीपट उशिरा सापडला तर नाही. हा फरक का, याचं उत्तर मला माहीत आहे. कायदेमंडळाने एकासाठी तरतूद लिहिली, दुसऱ्यासाठी लिहिली नाही. पटत नाही, ती गोष्ट वेगळी.

तरी मर्यादाच नकोत असं मी म्हणणार नाही. त्या गृहस्थांचा प्रश्न मी ऐकलाय. दादाच्याच बराकीत एकजण होता, त्याने दर दोन-चार महिन्यांनी काही ना काही अर्ज पाठवलेला असायचा, कधी एकाच मजकुराचे दोन. त्या ढिगातून खरा अर्ज कोणी कसा ओळखायचा? मला हवा होता तो एकदाच उघडणारा, नीट तपासणारा, आणि मग खरंच बंद होणारा दरवाजा.

एवढं सगळं झाल्यावर जे मिळालं ते भलत्याच ठिकाणी मिळालं. कोविडनंतर मुलाखती नीट सुरू झाल्या तेव्हा दादाने सुटकेची जी तारीख सांगितली ती मला जुळेना. तो तीनदा आत गेला होता: अटकेनंतर खटल्यातला जामीन मिळेपर्यंत, 2015 ते 2017, आणि 2019 पासून पुढे. शिक्षेआधी कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस कलम 428 प्रमाणे शिक्षेतून वजा होतात, तो हक्क आहे, मेहेरबानी नाही. तुरुंगाच्या हिशोबात पहिली कोठडी, वर्षभराहून जास्त, आलीच नव्हती. निकालात ‘वजावट द्यावी’ असं होतं, पण सोबत तुरुंगाला पाठवलेल्या शिक्षेच्या वॉरंटवर अटकेची तारीख पडली नव्हती, आणि तुरुंग वॉरंट बघतो.

मॅडमनी अर्ज केला तो थेट सत्र न्यायालयात, जिथून सगळं सुरू झालं होतं. अटक पंचनाम्याची, जामिनाच्या हुकमाची आणि रोजनाम्याची नक्कल जोडली. कोर्टाने तुरुंगाकडून अहवाल मागवला, सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. हुकूम अर्ध्या पानाचा होता आणि त्यात आधार म्हणून कलम 362 होतं. तेच कलम, ज्याने उच्च न्यायालयातला रस्ता अडवला होता. लेखनातली किंवा आकडेमोडीची चूक कोर्टाला दुरुस्त करता येते, आणि ही तशी चूक आहे, म्हणून वॉरंट दुरुस्त करावं.

आप्पांनी हुकूम दोनदा वाचून घेतला. “म्हणजे कोर्टाला लिहिलेलं बदलता येतं!”

“आकडा बदलता येतो, आप्पा,” मॅडम म्हणाल्या.

दादा 2023 मध्ये सुटला. आता दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाल्यावर कलमांचे क्रमांक बदललेत: 374 चं 415, 362 चं 403, 397 चं 438, 428 चं 468. ज्यांचं प्रकरण चालू आहे त्यांनी जुने निकाल वाचताना एवढी जुळवाजुळव करावी. आणि दंडाची रक्कम असेल तर ती भरून टाकावी. आम्ही 2015 मध्येच भरली होती. दंड न भरल्याबद्दलची जी कैद असते तिच्यात कच्च्या कैदेचे दिवस वजा होत नाहीत.